मांजराचे स्नायू आणि आपले स्नायू: नाव एकच, मग जागा वेगळी का?

परसबाग | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत ओहायोत राहते. एकेचाळिसाव्या वर्षी नर्सिंगला जायचं ठरवलं आणि त्यासाठी इथल्या कम्युनिटी कॉलेजात शरीररचना हा विषय घेतला. पुस्तक माणसाचं, भिंतीवरचे तक्ते माणसाचे, पण प्रयोगशाळेत टेबलावर येतं ते मांजर. मानवी देह मिळवणं आणि सांभाळणं छोट्या कॉलेजांना झेपत नाही, म्हणून इकडे बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. रसायनात मुरवलेलं मांजर, धमन्यांत लाल लॅटेक्स, शिरांत निळं.

आमच्या वाईच्या घरी कायम मांजरं असायची. पहिल्या दिवशी ट्रेवरचं फडकं बाजूला केलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसती उभी होते. पुढचे दोन पंजे अगदी आमच्या मनीसारखे. मग सरांनी शेजारी येऊन हळूच सांगितलं, 'याच्याकडून नीट शीक, म्हणजे त्याचं इथे असणं वाया जाणार नाही.' तेव्हापासून मी मन लावून काम करतेय.

अडचण अशी की दोन आठवड्यांनी प्रॅक्टिकल परीक्षा आहे. चाळीस ठिकाणी टाचण्या टोचलेल्या असणार. स्नायू ओळखायचा आणि माणसात तो तसाच आहे का, नसेल तर काय फरक आहे, हे लिहायचं. पाठांतर करून बघितलं, डोक्यात नुसता गोंधळ झाला. माणसाचा ट्रॅपेझियस (मानेमागून खांद्याकडे येणारा) एक, मांजराचे तीन. डेल्टॉइड (खांद्यावरचा) एक, मांजराचे तीन. दंडातला बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा (डोकं म्हणजे स्नायू जिथून निघतो ते टोक), पण मांजरात डोकं एकच सापडतं. आणि कॉलरबोन तर मला मिळतच नाही. यामागे काही सूत्र आहे का? सूत्र कळलं तर चाळीस नावं लक्षात राहतील असं वाटतं.

---

तीन_मांजरं | ३ मार्च, रात्री १०:१५

वाचून पोटात कालवलं. माझ्याकडे तीन आहेत, त्यातली एक आत्ता मांडीवर आहे. ही मांजरं येतात कुठून? विषयांतर वाटलं तर उत्तर नाही दिलं तरी चालेल.

---

परसबाग | ३ मार्च, रात्री १०:३२

विषयांतर अजिबात नाही, मीही पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं. सरांनी सांगितलं की शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांकडून येतात, आणि त्या कंपन्यांना बहुतेक वेळा निवाऱ्यांमधून, जिथे घर न मिळालेल्या मांजरांना शेवटचं इंजेक्शन देतात. हे ऐकून बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण आमच्या वर्गात कुणी मोठ्याने हसत नाही आणि फोटो काढत नाही. तेवढं तरी पाळलं जातंय.

---

अस्थिमज्जा | ४ मार्च, सकाळी ७:०५

परसबाग ताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतो, तीस वर्षं होत आली. तुमचा प्रश्न आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी विचारायला हवा, पण त्यांना मांजर बघायला मिळत नाही. यूजीसीने २०११ मध्ये प्राणी-विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ते योग्यच झालं असं मी मानतो. मात्र त्याबरोबर तुलना करून बघायची सवयही गेली, त्याचं वाईट वाटतं.

सूत्र आहे, आणि त्याची सुरुवात तुम्हाला न सापडणाऱ्या त्या कॉलरबोनपासूनच होते.

आधी स्वतःच्या कॉलरबोनवर बोट ठेवा. ते छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत जातं. मांडवाला तिरका टेकू देतात ना, तसं ते काम करतं. त्याच्यामुळे हात छातीपासून बाजूला राहतो आणि चारी दिशांना फिरतो. आता बोट खांद्याच्या टोकाकडे न्या. कॉलरबोनच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शावर मागच्या कडेला ट्रॅपेझियस चिकटतो आणि बरोबर त्याच्यासमोर पुढच्या कडेला डेल्टॉइड सुरू होतो. दोन स्नायू समोरासमोर, मध्ये बोटभर हाड.

मांजरात ते हाड जवळजवळ काढून टाकलंय असं समजा. काय होईल? ट्रॅपेझियसचा तो भाग आणि डेल्टॉइडचा तो भाग एकमेकांना भिडतील. तुमच्या टेबलावर नेमकं हेच आहे. मानेवरून खाली येतो तो क्लॅव्होट्रॅपेझियस, त्याच्याच पुढे सलग चालू राहतो तो क्लॅव्होब्रेकियालिस, आणि हा जाऊन पोचतो थेट कोपराच्या पुढे, अल्नाच्या हाडावर. डोक्याच्या मागून निघालेला एक लांब पट्टा पुढचा पाय पुढे ओढतो. माणसाचा डेल्टॉइड मात्र दंडाच्या मध्यावरच थांबतो.

म्हणजे एकाचे तीन झाले असं नाही. माणसात तिन्ही भाग एकाच चादरीत शिवले गेलेत, मांजरात ते सुटे राहिलेत. आमच्याकडेही डेल्टॉइडचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग शिकवतातच. मांजराचा अ‍ॅक्रोमिओडेल्टॉइड म्हणजे तुमचा मधला, स्पायनोडेल्टॉइड म्हणजे मागचा.

खात्री कशी करायची? नस, म्हणजे मज्जातंतू, बघायची. स्नायूचा आकार बदलतो, जागा सरकते, पण नस सहसा जुनी ओळख सोडत नाही. ट्रॅपेझियसला माणसात आणि मांजरात अकरावी मेंदूनस येते, डेल्टॉइडला दोघांतही काखेतली अ‍ॅक्सिलरी नस. त्या लांब पट्ट्याच्या वरच्या अर्ध्याला एक नस आणि खालच्या अर्ध्याला दुसरी, म्हणजे तो मुळात दोन स्नायूंचा जोड आहे हे नसच सांगते.

---

रानवाट | ४ मार्च, सकाळी ८:२०

सुंदर समजावलंत सर. पण मांजराला कॉलरबोन नसतंच ना? म्हणून तर ते डोकं शिरलं की कुठल्याही फटीतून पार होतं, असं ऐकलंय.

---

कोकणी_पशुवैद्य | ४ मार्च, दुपारी १:४५

असतं. नीट असतं, फक्त कुठल्याच हाडाला सांध्याने जोडलेलं नसतं. दोन-अडीच सेंटिमीटरची बारीक, किंचित वाकडी काडी, स्नायूत रुतलेली. फटीतून पार होण्याचं कारण मात्र तुम्ही म्हणता तेच, की खांदे रुंद धरून ठेवणारा टेकू नाही.

ही काडी किती फसवते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब बोका घेऊन आलं. बोका दोन दिवस खात नव्हता. दुसरीकडे एक्स-रे काढला होता आणि घशात माशाचा काटा अडकलाय, ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं होतं. फोटोत मानेच्या खालच्या बाजूला एक पांढरी बारीक रेघ खरंच दिसत होती. घरात रोज मासळी, त्यामुळे त्यांचाही विश्वास बसलेला. मी बोक्याला वेगळ्या कोनातून ठेवून पुन्हा फोटो घेतला, तर तशीच दुसरी रेघ पलीकडच्या बाजूला. एक डावं, एक उजवं. काटे काही असे जोडीने, मापात बसून अडकत नाहीत. बोक्याचा सुळा किडला होता, तो काढला आणि तो खायला लागला.

परसबाग ताई, काडी शोधायची असेल तर सुरी घेऊ नका. अस्थिमज्जा सरांनी सांगितलेल्या पट्ट्यावर, खांद्याच्या पुढे, बोटाच्या पेराने हलकेच चाचपा. तांदळाच्या पिठात चुकून आलेला खडा हाताला लागतो ना, तसं लागेल. त्या जागी स्नायूवर आडवी फिकट रेघही दिसते.

आणखी एक. इंटरनेटवर शोधताना तुमचा गोंधळ नावांमुळेही होत असणार. तुमच्या कॉलेजच्या पुस्तकातली नावं आणि आम्हा पशुवैद्यांची नावं वेगळी आहेत. तुमचा क्लॅव्होट्रॅपेझियस म्हणजे आमचा क्लायडोसर्व्हायकॅलिस, तुमचा क्लॅव्होब्रेकियालिस म्हणजे आमचा क्लायडोब्रेकियालिस. तुमचा लेव्हेटर स्कॅप्युली व्हेंट्रालिस आमच्याकडे ओमोट्रान्सव्हर्सारियस, आणि हा माणसात नसतो. परीक्षेपुरतं एकच पुस्तक धरा.

---

परसबाग | ४ मार्च, रात्री ११:१०

अस्थिमज्जा सर, तुमचा प्रतिसाद वाचताना मी खरंच कॉलरबोनवर बोट फिरवत बसले होते. डॉक्टर, काडी उद्या शोधते. नावांचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, मी क्लायडोसर्व्हायकॅलिस म्हणून आणखी एक स्नायू वहीत लिहून ठेवला होता!

आता छाती. माणसात पेक्टोरालिस मेजर मोठा आणि मायनर छोटा, त्याच्याखाली लपलेला. मांजरात चार थर सापडतात आणि मायनर मेजरपेक्षा मोठा आहे. नावच उलटं पडतंय.

---

अस्थिमज्जा | ५ मार्च, सकाळी ६:५०

नावं माणसावरून दिली आणि मांजरावर लावली, त्याचा हा परिणाम. मायनर म्हणजे लहान, ही गोष्ट माणसापुरतीच खरी.

मांजरात वरचा पातळ पट्टा पेक्टोअँटिब्रेकियालिस, तो छातीच्या हाडावरून निघून थेट पुढच्या पायाच्या खालच्या भागाच्या आवरणापर्यंत जातो. माणसात असा वेगळा स्नायू नाही. त्याच्याखाली मेजर, त्याच्या मागे जाडजूड मायनर, आणि सगळ्यात मागे निमुळता झिफिह्युमरालिस. शेवटचाही माणसात नाही. आणि मायनर जोडला कुठे जातो ते बघा: मांजरात दंडाच्या हाडावर, माणसात मात्र खांद्याच्या पात्याच्या चोचीसारख्या टोकावर. नुसतं 'आकार वेगळा' लिहू नका, जोड लिहा. परीक्षकाला तेच हवं असतं.

आता यामागचं कारण. मांजराचं धड दोन पुढच्या पायांच्या मध्ये कशावर टांगलेलं आहे? हाडावर नाही, कारण काडी कुणाला जोडलेलीच नाही. पुढचा पाय आणि धड यांत एकही हाडाचा सांधा नाही. सगळा भार स्नायूंच्या झोळीवर आहे. पाळण्याची झोळी दोन खांबांना बांधतात तसं. या झोळीचा मुख्य भाग म्हणजे सेरेटस व्हेंट्रालिस, बरगड्यांपासून खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला जाणारा पंखा, आणि खालून आधाराला हे छातीचे चार थर. उभ्या मांजराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त हिस्सा पुढच्या पायांवर असतो, तो हेच पेलतात. उंचावरून उडी मारून पुढच्या पायांवर उतरताना धक्काही इथेच जिरतो.

आपला सेरेटस अँटिरियर त्याच जातीचा. पण आपण दोन पायांवर उभे राहिलो, त्यामुळे त्याच्यावर धड टांगायची वेळ येत नाही. दंड काढताना मात्र आपणही चार पायांवर येतो, आणि तो लगेच कामाला लागतो. त्याची नस दुखावली तर पाठीमागे खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं. भिंतीला हात टेकून ढकलायला सांगितलं की दिसतं.

---

ताठकणा | ५ मार्च, दुपारी ३:३०

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या अर्ध्याचं सरांनी सांगितलं, खालच्या अर्ध्यावर मी लिहिते, कारण माझा रोजचा संबंध कंबर, मांडी आणि पोटरीशी.

आधी बेटकुळीचा हिशेब मिटवू. दंडाची बेटकुळी काढून दाखवतो तो बायसेप्स. माणसात त्याची दोन डोकी: लांब डोकं खांद्याच्या खळग्याच्या वरून, आखूड डोकं त्या चोचीसारख्या टोकावरून. मांजरात दुसरं नाहीच, सगळा स्नायू खळग्याच्या वरूनच निघतो. मांडीच्या मागच्या बायसेप्स फेमोरिसचंही तसंच. माणसात दोन डोकी, मांजरात एक, आणि तरी तो माणसाच्या मानाने अवाढव्य. मांडीची बाहेरची बाजू जवळजवळ पूर्ण झाकतो आणि खाली पसरत नडगीपर्यंत जातो.

आता नितंब. माणसात ग्लुटियस मॅक्सिमस शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. उकिडवं बसून उठताना, जिना चढताना, पळताना धड पुढे पडू न देणारा हाच. मांजरात हा लहानसा त्रिकोणी तुकडा, आणि खरा मोठा असतो ग्लुटियस मीडियस. पुन्हा नाव उलटं. मॅक्सिमसच्या लगत कॉडोफेमोरालिस नावाचा पट्टा असतो, शेपटीच्या मणक्यांवरून मांडीकडे येणारा. माणसात तो नाही.

सार्टोरियस हा माझा आवडता. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी, आणि शिंपी मांडी घालून बसून शिवायचे म्हणून हे नाव. जेवायला मांडी घालून बसतो तेव्हा हा स्नायू मांडी वर उचलतो, बाहेर फिरवतो आणि गुडघा दुमडतो, तिन्ही एकदम. माणसात तो शरीरातला सगळ्यात लांब स्नायू, फितीसारखा अरुंद. मांजरात मांडीच्या पुढच्या आणि आतल्या बाजूवर पसरलेला रुंद पट्टा. त्याच्या मागचा ग्रॅसिलिससुद्धा मांजरात चादरीसारखा आणि माणसात काठीसारखा. चिमट्याने कड उचलून बघा, दोन्ही मिळून मांडीची आतली बाजू बंद करतात.

आणि परसबाग ताई, मांजराचा 'उलटा गुडघा' म्हणून जो दिसतो तो गुडघा नसून टाच आहे, हे मनात पक्कं करा. मांजर बोटांवर चालतं. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. हे एकदा बसलं की पोटरीचे स्नायू चुकत नाहीत.

---

तीन_मांजरं | ५ मार्च, रात्री ८:००

ताठकणा, मी आत्ता आमच्या चिमणीचा मागचा पाय हळूच हातात घेऊन बघितला. टाच सापडली! इतकी वर्षं मी तिलाच गुडघा समजत होते. शेपटीबद्दलही सांगा ना. आपल्याला शेपूट नाही, मग ते स्नायू गेले कुठे?

---

ताठकणा | ५ मार्च, रात्री ९:२५

कुठेही गेले नाहीत, आणि मला हेच सगळ्यांत जास्त सांगायचं होतं. लेव्हेटर एनाय आणि कॉक्सिजियस हे स्नायू ओटीपोटाच्या हाडांपासून शेपटीच्या मुळाशी जातात. मांजरात ते शेपूट खाली आणि बाजूला ओढतात. आपण ताठ उभे राहिलो, पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन खाली आलं, आणि हेच स्नायू आडवे पसरून तळाची झोळी झाले. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार देतात ते हे.

बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी होते म्हणून बायका येतात. अनेकजणी वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. त्यांना व्यायाम शिकवताना मी कधीकधी म्हणते, 'शेपूट आहे असं समजा आणि ती पुढे, पोटाखाली ओढून घ्या.' बऱ्याच जणींना नेमका स्नायू त्या क्षणी सापडतो. तुम्ही नर्स होणार आहात ताई, हे तुम्हाला टेबलावरच्या टाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

---

रानवाट | ६ मार्च, सकाळी ९:१०

हे वाचून थक्क झालो. एक बाळबोध शंका. मांजर सरळ उभ्या जागेवरून दीड मीटरच्या कपाटावर जातं, आणि आपण चार किलोमीटर चाललं तरी दमत नाही. हा फरक स्नायूंच्या जोडणीत आहे की स्नायूंच्या आत?

---

अस्थिमज्जा | ६ मार्च, दुपारी १२:४०

दोन्हीत. पण आतल्या फरकाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग मांजरांवरच शोधला गेला.

पोटरीत दोन स्नायू शेजारी असतात: गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्या खालचा सोलियस. मांजराचा सोलियस जवळजवळ पूर्णपणे संथ तंतूंचा. आकसायला वेळ घेतो पण थकत नाही, नुसतं उभं राहण्याचं काम तो करतो. गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये जलद तंतू भरपूर, उडीच्या वेळी तोच लागतो. एकाच टाचेला जोडलेले दोन स्वभाव. माणसाचा सोलियसही बहुतांश संथ, पण आपल्यात तो मोठा आणि रुंद आहे, कारण आपण दिवसभर दोनच पायांवर उभे असतो.

१९६० मध्ये बुलर, जॉन एकल्स आणि रोझामंड एकल्स यांनी मांजरांत जलद स्नायूची नस संथ स्नायूला आणि संथ स्नायूची जलद स्नायूला जोडून बघितली. सोलियस चपळ झाला, जलद स्नायू मंदावला. स्नायूचा स्वभाव त्याला चालवणाऱ्या नसेवर ठरतो, हे तिथे कळलं. जॉन एकल्सना १९६३ मध्ये नोबेल मिळालं, ते मज्जापेशींवरच्या कामासाठी. त्याआधी १९२४ मध्ये लिडेल आणि शेरिंग्टन यांनी स्नायू ताणला की तो आपोआप आकसतो हे मांजरांतच मोजलं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून जे बघतात ते हेच. शेरिंग्टनना १९३२ मध्ये एड्रियन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

परसबाग ताईंच्या सरांनी म्हटलं ना, नीट शीक. मीही मुलांना हे प्रयोग शिकवताना प्राण्याचं नाव गाळत नाही. मांजर होतं, असं म्हणतो.

---

कोकणी_पशुवैद्य | ६ मार्च, रात्री १०:०५

सरांचं शेवटचं वाक्य मनापासून पटलं.

मानेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माणसाच्या मानेमागे न्यूकल लिगामेंट नावाची दोरी असते, कुत्र्यालाही असते. मांजराला ती नाही. डोकं वर धरण्याचं काम पूर्णपणे स्नायूंचं. शिवाय रॉम्बॉइड कॅपिटिस म्हणून एक बारीक पट्टा खांद्याच्या पात्यापासून थेट कवटीच्या मागे जातो, माणसात तो नाही.

याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. स्नायू अशक्त झाले की मांजराची हनुवटी छातीला टेकते. किडनीच्या जुन्या आजारात रक्तातलं पोटॅशियम घसरलं तर असं होतं. आमच्या किनाऱ्यावर मी दुसरं कारणही बघितलंय. एका आजींची मांजर फक्त कच्च्या बारीक मासळीवर वाढलेली. काही माशांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी-वन मोडून टाकतं. मांजर डोकं वर उचलूच शकत नव्हती, चालताना झोकांड्या. बी-वनची इंजेक्शनं सुरू केली आणि दोन-तीन दिवसांत तिने मान वर करून आजींकडे बघितलं. आजी रडल्या. मासळी बंद करा असं मी सांगितलं नाही, शिजवून द्या म्हटलं. शिजवल्यावर थायमिनेज निकामी होतं. आणि रोज फक्त मासळीच नको.

नर्सिंगच्या दृष्टीने आणखी एक. तुम्ही माणसाला डेल्टॉइडमध्ये सुई द्यायला शिकाल, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली. मांजराचा डेल्टॉइड त्यासाठी अगदीच छोटा. आम्ही मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्समध्ये किंवा कमरेच्या कण्यालगतच्या स्नायूत देतो. मांडीच्या मागे टाळतो, कारण बायसेप्स फेमोरिसच्या खालून सायॅटिक नस जाते. तुमच्या मांजरात ती उघडून बघा, जाड पांढरी दोरी दिसेल. एकदा बघितली की सुईची जागा का ठरवून दिलेली असते ते कळतं.

---

परसबाग | ८ मार्च, सायंकाळी ६:२०

काडी सापडली!

शनिवारी प्रयोगशाळा जादा वेळ उघडी होती. डॉक्टरांनी सांगितलं तसं सुरी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि पट्ट्यावरून बोट फिरवलं. दोन वेळा काहीच नाही. तिसऱ्यांदा नखाला अडखळलं. बोथट सळीने भोवतालचं आवरण सारलं तर पिवळसर, नखाच्या कातरणाइतकी वाकडी काडी. वरून ट्रॅपेझियसचे तंतू येऊन तिच्यावर थांबतात, खालून डेल्टॉइडचे सुरू होतात. सरांनी लिहिलेलं सगळं एका इंचात. मी शेजारच्या टेबलांना बोलावून दाखवलं.

कामाची एक गोष्ट नवशिक्यांसाठी लिहून ठेवते. दोन स्नायूंची हद्द रंगावरून कळत नाही, सगळे एकाच मातकट तपकिरी रंगाचे झालेले असतात. तंतूंची दिशा बघायची. दिशा बदलली की तिथे हद्द. तिथे बोट किंवा बोथट सळी घालून अलगद सोडवायचं, कापायचं नाही. आणि कातडी काढताना त्याच्या आतल्या बाजूला जो पातळ तपकिरी थर चिकटून निघतो तो चरबी समजून फेकू नका. तो कातडी थरथरवणारा स्नायू आहे. मांजराच्या पाठीला हात लावला की कातडी शहारते ना, ते तो करतो. माणसात त्या जातीचा मानेवरचा प्लॅटिस्मा आणि थोडे तुकडे एवढंच उरलंय.

एक चूकही झाली. बायसेप्स फेमोरिस उलटवताना माझ्या जोडीदाराने त्याच्या खालची एक बारीक फीत नस समजून बाजूला ओढली आणि ती तुटली. सर म्हणाले तो टेन्युइसिमस, माणसात नसतो. आता आमच्या मांजरात तो एकाच बाजूला उरलाय. दुसऱ्या बाजूला मीच हात लावणार आहे.

---

अस्थिमज्जा | ९ मार्च, सकाळी ७:००

छान. टेन्युइसिमस आणि सायॅटिक नस यांतला फरक असा: फीत चपटी आणि तपकिरी, नस गोल आणि पांढरी, शिवाय नस पुढे जाऊन फाटते. टाचणी तिथे नक्की असणार, परीक्षकांना ती जागा आवडते.

---

तीन_मांजरं | ९ मार्च, रात्री ९:४५

नख्यांचं कुणीतरी सांगा, मग मी थांबते. चिमणी झोपली की नख्या आत असतात. आत ओढून धरायला तिला सतत ताकद लावावी लागते का?

---

कोकणी_पशुवैद्य | ९ मार्च, रात्री १०:३०

उलट आहे. आत ठेवायला ताकद लागत नाही, बोटाच्या टोकावरचे लवचिक अस्थिबंध रबरासारखे नख वर ओढून धरतात. बाहेर काढायला स्नायू लागतो. पुढच्या पायातला खोल फ्लेक्सर आकसला, त्याच्या कंडरेने शेवटचं पेर खाली ओढलं की नख बाहेर. चिमणीचा पंजा वरून आणि खालून दोन बोटांत हलकेच दाबा, तेच होईल. माणसात त्याच स्नायूने आपण बोटांची शेवटची पेरं वाकवतो, बादलीची कडी धरताना.

म्हातारं मांजर जमिनीवर चालताना टकटक आवाज येऊ लागला, तर नखं वाढून जाड झालीत आणि पूर्ण आत जात नाहीत असं समजा. दाखवून घ्या. कधीकधी नख वळून पंजाच्या गादीत घुसलेलं असतं आणि घरच्यांना पत्ता नसतो.

---

परसबाग | १८ मार्च, रात्री ८:५०

परीक्षा झाली. चाळीसपैकी सदतीस. बाविसाव्या टेबलावर टेन्युइसिमस होता. चपटा, तपकिरी. मी लिहिलं: माणसात नाही. एकतिसाव्यावर पेक्टोरालिस मायनर होता आणि मी जोड लिहिला, मांजरात दंडाचं हाड, माणसात खांद्याच्या पात्याची चोच. चुकले ते तिन्ही पुढच्या पायाच्या खालच्या भागातले एक्स्टेन्सर, म्हणजे सांधा सरळ करणारे स्नायू, त्यांचा अभ्यासच कमी पडला होता.

सर, डॉक्टर, ताठकणा ताई, सगळ्यांना मनापासून नमस्कार. ताठकणा ताई, शेपटीचं मी आमच्या वर्गातल्या एका बाळंतीण झालेल्या मैत्रिणीला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी येऊन माझा हात नुसता दाबला.

पुढच्या सोमवारपासून रक्तवाहिन्या. तेच मांजर, तोच ट्रे. मी आज जाताना त्याला ओल्या फडक्यात नीट गुंडाळून, पंजे आत दुमडून ठेवलं, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. महाधमनीपासून निघणाऱ्या फांद्या माणसात तीन आणि मांजरात दोन आहेत असं पुस्तकात दिसतंय. त्याचा वेगळा धागा काढते, सर, तिकडे याल ना?